शारदेचे नाटककार : गोविंद बल्लाळ देवल

(द्वितीय वर्ष कला)

मराठी रंगभूमीचा इतिहास वाचताना १८५५ या सालाशी माझे मन नेहमी थबकते. त्या वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एका अडाणी कुणबी नवरा-बायकोला जोशीबुवा ग्रहदशेची भीती घालून लुबाडतात आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवतात, अशी त्याची साधी गोष्ट. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले, पण कमिटीने ते नाकारले. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षे ते छापलेसुद्धा गेले नाही. त्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १८५५ रोजी, गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. त्यांचे 'शारदा' हे नाटक मात्र महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. दोन्ही नाटकांत एक बाई आहे आणि दोन्हींत तिला कोणीतरी फसवीत आहे. एकीला रंगमंच मिळाला नाही आणि दुसरीला मिळाला, असे का व्हावे? स्वारगेटहून फुलेवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या रस्त्याने जाता-येता हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळदा आला आणि त्यातूनच देवलांचे चरित्र मुळापासून वाचावे असे वाटले.

देवलांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूर गावी गेले. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावरचे, संगमेश्वराच्या देवळाचे आणि हळदीच्या पेवांचे हे गाव. त्याच्या शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली होती. म्हणजे देवल जन्मले तेव्हा मराठी नाटक अवघे बारा वर्षांचे पोर होते! देव-राक्षसांचे सोंग, सूत्रधाराचे गाणे आणि पात्रांची मनाला येईल तशी भाषणे, असे त्याचे त्या वेळचे रूप होते.

शिक्षणासाठी देवल बेळगावला गेले आणि तेथे त्यांच्या आयुष्याला वळण लागले. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर तेथे शिक्षक होते. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे नाटकात उतरले. १८७९ साली देवल मॅट्रिक झाले आणि काही काळ त्यांनीही शिक्षकाची नोकरी केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. 'सौभद्र' १८८२ साली आले. देवल या सर्व खटपटीत गुरूंच्या बरोबर होते. तालमी घेणे, पात्रांना उभे राहणे-बोलणे शिकविणे हे काम त्यांच्याकडे आपोआप येत गेले. १८८५ मध्ये अण्णासाहेब अकाली वारले. पुढे देवलांनी पुण्याच्या शेतकी शाळेत शिक्षण घेतले. ज्या माणसाने पुढे महाराष्ट्राला रडविले आणि हसविले, तो मातीची प्रत आणि पिकांचे प्रकार शिकत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांतील सहा रूपांतरित किंवा आधारित आहेत आणि एकटी 'शारदा' स्वतंत्र आहे. एवढ्यावरून त्यांना कमी प्रतीचे लेखक मानणारेही भेटतात. मला ते पटत नाही. माणूस दुसऱ्याच्या भांडारातून काय उचलतो यावरूनही त्याचे मन कळते, आणि देवलांनी जे उचलले त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. ती म्हणजे पुरुषांच्या निर्णयाखाली सापडलेली बाई.

पहिलेच नाटक 'दुर्गा', सन १८८६. ते एका इंग्रजी शोकांतिकेवरून घेतलेले आहे. मूळ कथेतील स्त्री नवरा मेला असे समजून, निराधार अवस्थेत, सासऱ्यानेही हात आखडता घेतल्यावर दुसरे लग्न करते. आणि मेलेला समजलेला नवरा परत येतो. बाईचा काडीचाही दोष नाही, तरी शेवटी प्राण तिचाच जातो. हे नाटक आले तो काळ पाहिला पाहिजे. चार वर्षांपूर्वी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून सगळा दोष बायकांच्याच माथी मारणाऱ्या समाजाला फटकारले होते. मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंचा खटला चालू होता. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, आपण नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे ती तरुण मुलगी कोर्टात उभी राहून सांगत होती. १८८७ साली कोर्टाने तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली! पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. असा तो काळ होता. तेव्हाच्या प्रेक्षकाने 'दुर्गा' पाहताना केवळ परक्या देशची गोष्ट पाहिली असेल, असे मला वाटत नाही.

त्याच सुमारास देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत आणले. त्यातील वसंतसेना गणिका आहे. तिच्याकडे पैसा आहे, कला आहे, मनाचा मोठेपणा आहे. पण तिला हवी आहे ती एका दरिद्री, सज्जन माणसाच्या घरातील कुलवधूची जागा. ती तिला शेवटी मिळते, पण राजाच्या कृपेने. नाटक संपताना आपण टाळ्या वाजवतो, पण चारुदत्ताच्या पहिल्या बायकोला काय वाटले असेल हे विचारायला कोणी थांबत नाही. 'विक्रमोर्वशीय' आणि 'शापसंभ्रम' यांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. त्यांचे सौंदर्य पदांत आहे आणि ते ऐकण्याचे सौंदर्य आहे.

'झुंझारराव' मात्र महत्त्वाचे. १८९० साली आलेले हे नाटक म्हणजे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा मराठी अवतार. एका दुष्टाने कान भरले आणि शूर नवऱ्याने निरपराध बायकोचा जीव घेतला. आम्हांला वर्गात ही कथा शिकवली तेव्हा मुलांच्या बाकावर खलनायकाच्या चातुर्यावर चर्चा रंगली होती. मुलींच्या बाकावर एकच विषय होता : त्याने तिला एकदा सरळ विचारले असते, आणि तिचे ऐकून घेतले असते, तर?

आता 'शारदे'कडे वळू. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतीचे वय दहावरून बारा वर्षे झाले. एवढ्याशा बदलासाठी पुण्यात केवढे रान पेटले होते! लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यानेही परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. अशा तापलेल्या हवेत, १३ जानेवारी १८९९ रोजी, किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदूर येथे 'शारदा' प्रथम रंगमंचावर आणली.

कथा सर्वांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. भुजंगनाथ नावाचा श्रीमंत म्हातारा पंचाहत्तरीला पोचला आहे आणि त्याला पुन्हा लग्न करायचे आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. कांचनभट हा पैशाचा लोभी बाप. त्याची कोवळ्या वयाची मुलगी शारदा. सौदा ठरतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिच्या शब्दाला घरात किंमत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडण्यासाठी धडपडतो. अखेर ऐन लग्नमंडपात वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. पण आता मांडवातून परतलेल्या मुलीला कोण करणार? शारदा नदीवर जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो आणि तिच्याशी लग्न करतो.

देवलांचे मोठेपण असे की, हा विषय त्यांनी व्याख्यानासारखा मांडला नाही. त्यांची माणसे घरात बोलतात तशी बोलतात. म्हाताऱ्याचा तरुण दिसण्याचा आटापिटा पाहून प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि तेवढ्यात शारदेचे आईजवळचे रडणे सुरू होते. मैत्रिणी तिची थट्टा करतात ते पद तर इतके गाजले की, नाटक न पाहिलेल्या बायकांच्याही तोंडी बसले. आमच्या आजीला ते येते. तिला देवल कोण हे ठाऊक नाही आणि ती शाळेतही गेलेली नाही. तिला चौदाव्या वर्षी बिजवराला दिले. आजोबा तिच्याहून बावीस वर्षांनी मोठे होते. भाकरी थापताना ती ते पद गुणगुणते, आणि मी अर्थ विचारला की हसते.

नाटक दोन-तीनदा वाचल्यावर मात्र एक गोष्ट मला खटकू लागली. शारदेचे लग्न मोडते ते कशामुळे? तिला ते नको होते म्हणून नव्हे. आईने विरोध केला म्हणून नव्हे. वर पंचाहत्तर वर्षांचा आहे म्हणूनही नव्हे. ते मोडते गोत्र एक निघाले म्हणून! म्हणजे शास्त्राच्या चुकीने ठरलेले लग्न शास्त्रानेच मोडले. गोत्र वेगळे असते तर त्या मांडवात मंगलाष्टके पुरी झाली असती आणि शारदा काही वर्षांत विधवा झाली असती. तिची इच्छा हे कारण त्या समाजात पुरेसे नव्हते. रखमाबाईंनी नेमके तेच कारण कोर्टात मांडले होते आणि त्यासाठी तुरुंगाची शिक्षा ऐकली होती. देवलांना हे कळले नसेल असे मला वाटत नाही. प्रेक्षकांना घेऊन किती पुढे जाता येईल याचा अंदाज असलेला तो माणूस होता. कंपनीला गावोगाव प्रयोग लावायचे होते, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांत एखादा भुजंगनाथ असायचाच.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथे आहे. 'तृतीय रत्ना'तील कुणबीण शेवटी शाळेला निघते. शारदा शेवटी दुसऱ्या, चांगल्या नवऱ्याकडे जाते. हसवून-रडवून समाजाने आपल्याच घरातल्या एका वाईट चालीला नावे ठेवावीत, इतपत १८९९ साली शक्य झाले होते. जोशाचा धंदाच बसवणारी आणि बाईच्या हाती पाटी देणारी गोष्ट १८५५ साली कोणी ऐकून घेणार नव्हते. यात देवलांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कन्याविक्रयासारख्या चालीची लाज त्यांनी ज्यांना वाटायला लावली, त्यांना ती दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने वाटली नसती.

तसेच 'शारदा' ही फक्त एका जातीच्या घरातील गोष्ट आहे असे समजून आपण सुटू नये. आमच्याकडे पूर्वी मुलीच्या बापाला देज मिळे. आता मुलीचा बाप हुंडा देतो. पैशाची दिशा बदलली, पण पोरीला न विचारण्याची रीत तीच राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते, आणि वयात आलेली मुलगी मागे गावात ठेवायची भीती वाटते. म्हणून तेथे मुलींची लग्ने लवकर उरकतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. माझी बारावी झाली तेव्हा आमच्याही घरी स्थळांची बोलणी सुरू झाली होती. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्याबरोबरच्या चार जणांनी समजावले आणि बी. ए. होईपर्यंत तो विषय थांबला. कोणी मला विचारले नव्हते, पण थांबले तरी!

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शारदेचे हे सगळे दुःख रंगमंचावर सांगत कोण होते? पुरुष! त्या काळी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीला जागा नव्हती. शकुंतला आणि सुभद्रा म्हणून गाजलेले भाऊराव कोल्हटकर 'शारदे'त कोदंड झाले, आणि शारदेच्या भूमिकेत साडी नेसलेला दुसरा मुलगा उभा राहिला. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, कंपनीत आले तेव्हा त्यांना शकुंतलेची तालीम देवलांनीच दिली. बाईने कसे पाहावे, कसे लाजावे, कसे रडावे हे एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला शिकवीत होता. आणि पुढे घरंदाज बायका बालगंधर्वांचे पाहून पदर घेऊ लागल्या! तालीम मास्तर म्हणून देवलांचा लौकिक मोठा होता. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय तो उच्चारू नये, हातवारे उगाच करू नयेत, गाणे गोष्टीच्या आड येऊ नये अशी त्यांची शिस्त होती. गणपतराव बोडसांसारख्या नटाने त्यांना गुरू मानले. पण ज्यांची दुःखे ते इतक्या बारकाईने बसवीत होते त्या बायका नाटकगृहात, बसल्याच तर, वेगळ्या बाजूला बसत.

रंगमंचाची दारे हळूहळू उघडली. सावंतवाडीकडच्या, कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी 'दामिनी' हे संगीत नाटक लिहिले आणि १९१२ साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने ते केले. त्या वेळी देवल हयात होते. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हे पाहायला मात्र ते नव्हते.

'शारदे'विषयी एक गैरसमज फार ठिकाणी आढळतो, म्हणून येथे लिहिते. १९२९ साली झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणतात आणि तो देवलांच्या नाटकावरून झाला असे समजतात. वास्तविक तो कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडला आणि त्यांच्या आडनावावरून त्याला हे नाव पडले. त्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. १९७८ मध्ये ती वये अठरा आणि एकवीस झाली. नाटकाने कायदा झाला नाही हे खरे; पण सारडांच्या नावाचा उच्चार मराठी माणसाने इतक्या सहजपणे शारदा असा करावा, यात देवलांच्या मुलीचा वाटा नक्कीच आहे.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा देवलही त्यांच्याबरोबर होते. साठीकडे झुकलेल्या या मास्तरांनी आपले एक जुने गद्य प्रहसन पुन्हा हाती घेतले. मूळ मोलिएरचे, इंग्रजीतून मर्फीच्या वाटेने आलेले. त्यात पदे घालून त्यांनी 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, त्याची बायको कृत्तिका त्याच्यावर घेते. अश्विनशेट आणि नायकिणीच्या घरची रेवती यांच्यातही एका तसबिरीवरून तोच घोळ. 'झुंझाररावा'त ज्या संशयाने बायकोचा जीव घेतला, त्याच संशयाची देवलांनी येथे फजिती उडवली आहे. शिवाय येथे कृत्तिकाही संशय घेते, जाब विचारते, भांडते. देवलांच्या नाटकांतील बायकांत मला ही कृत्तिका सर्वांत आवडते. ती शहाणी मुळीच नाही. पण ऐकून घेत बसणे तिला ठाऊक नाही.

१९१६ साली गंधर्व मंडळीच्या 'संशयकल्लोळा'त बोडस फाल्गुनराव झाले आणि बालगंधर्व रेवती. त्याच वर्षी, १४ जून रोजी, देवलांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद दरवर्षी त्या दिवशी रंगकर्मींना पारितोषिके देते, आणि ती घ्यायला आता नटांबरोबर नट्याही जातात.